कृष्णात देसायाचा पैरा

माणसांच्या पाळ्या लावायला सॉफ्टवेअर घ्यायचं असं आमच्या धाकट्या मालकांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी आधी कृष्णात देसायाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ज्याला विचारायला हवं तो सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं, ही मालक लोकांची रीतच आहे. मला विचारलं. मी स्टोअर सांभाळतो, पाळ्यांशी माझा काडीचा संबंध नाही. मी म्हणालो, घ्या. माझ्या खिशातलं थोडंच जाणार होतं.

कारखाना शिरोलीला, बिडाच्या ओतकामाचा. भट्टी दिवसरात्र पेटलेली आणि तीन पाळ्या. माणसं आली नाहीत आणि भट्टी थंड झाली, तर आतला रस आतच थिजतो. मग तो फोडून काढताना धाकट्या मालकांच्या, म्हणजे अमरसिंहांच्या तोंडून जे शब्द निघतात ते मी इथे लिहीत नाही. त्यामुळे प्रत्येक पाळीला हवी ती माणसं हजर असणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती कृष्णात बघायचा.

तो मूळचा मोल्डर. साचे भरायचा. थोरल्या मालकांनी एकदा त्याला दोघांचं भांडण सोडवताना पाहिलं आणि उचलून गेटजवळच्या टाइम ऑफिसात आणून बसवलं. बुटका, रुंद, आणि चेहरा असा की बातमी आनंदाची आहे की दुःखाची, हे ती सांगून संपल्याशिवाय कळत नाही. हात मात्र साच्याचे ते साच्याचेच राहिले. एखादा मोल्डर आला नाही आणि बदली मिळाली नाही, की हा स्वतःचा शर्ट खुंटीला अडकवायचा आणि लाइनवर जाऊन उभा राहायचा. हे कायद्यात बसत होतं का, ते मला विचारू नका. मी स्टोअरमधला.

आमच्याकडचा माणूस आधी शेतकरी, मग दूधवाला, आणि उरलेल्या वेळात कामगार. ऊसतोडीची टोळी याच्या रानात कधी उतरेल ते टोळीलाही माहीत नसतं. म्हैस कधी व्यायची ते म्हैस ठरवते. गावची म्हाई, म्हणजे जत्रा असली की मटण शिजवायला आणि वाढायला घरात माणूस लागतो. अशा वेळी एकाच्या जागी दुसरा उभा राहायचा, आणि याला ते लोक पैरा म्हणायचे. पैरा म्हणजे रानातली जुनी रीत. आज मी तुझ्या शेतात राबलो, उद्या तू माझ्या शेतात यायचं, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ती रीत ह्यांनी बांधावरून उचलून भट्टीवर आणली होती. पाळी भरून दिली तर परतफेड पाळीनंच करावी असंही नव्हतं. कुणी ट्रॅक्टर घेऊन रान नांगरून द्यायचा, कुणी घराचा स्लॅब पडताना पाट्या द्यायला यायचा. फेडायला मुदत नाही, आणि पैरा बुडवला असं होत नाही, कारण बुडवणाऱ्याला पुढं कुणी पैऱ्यात घेत नाही. यातलं काही कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्याचं त्याच्या डोक्यात.

मी मंगळवार पेठेतला. आमच्या आळीत शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली तर ती दिवेलागणीच्या आत परत जाते, वर वाटी घासून. मला हे सगळं उधारीवरचं जगणं वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. कृष्णात म्हणायचा, "तुमचं बरं हाय, माधवराव. तुमच्यावर कुणाचं न्हाय, तुमचं कुणावर न्हाय." मी ते कौतुक समजलो.

आता खरी गोष्ट अशी होती की कारखान्यातल्या जवळजवळ प्रत्येक माणसावर कृष्णातचा पैरा होता, आणि तो कधीच फेडून घेत नव्हता. कुणी विचारलं, "मामा, कवा येऊ?" तर म्हणायचा, "असू दे की. लागंल तवा सांगतो." लोकांना वाटायचं, देवमाणूस. मला वाटायचं, बावळट. दोन्ही चूक होतं. का, ते मला बरंच उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो.

कृष्णातचा बाप आजऱ्याकडून घरजावई म्हणून कृष्णात आज राहतो त्या गावात आला. गाव सगळं चौगल्यांचं. सासऱ्याला मुलगा नव्हता, जमीन जावयाच्या नावावर झाली, आणि त्या दिवसापासून चौगल्यांच्या भावकीनं या घराचा उंबरा सोडला. बोलणं आहे, भांडण नाही, पण कार्याला यायचं नाही. एका गावात सगळे चौगले आणि हा एकटा देसाई. बाप गेला तेव्हा खांद्याला माणसं कमी पडली, ती भट्टीवरून आली. कृष्णातच्या स्वतःच्या लग्नात पंगतीला वाढायला पैसे देऊन माणसं आणली होती, आणि ती तिसऱ्या पंगतीला निघून गेली, कारण ठरलेली वेळ संपली. नवरदेवानं मुंडावळ्या कानामागं सारून स्वतः भात वाढला. हे त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याची मुलगी मोना. औषधनिर्माणाचं शिकली, राजारामपुरीत एका मेडिकलमध्ये नोकरीला लागली आणि कागलकडच्या एका मोठ्या घरात तिचं जमलं. त्यांची भावकी एवढी की सुपारी फोडायलाच दोन टेम्पो आले. लग्न मे महिन्यात, कृष्णातच्या दारात. आणि त्या दारात मुलीकडची माणसं म्हणून कोण उभं राहणार, याचं उत्तर तो इतकी वर्षं साठवत आला होता, एकेक पाळी भरून.

अशात हे सॉफ्टवेअर आलं.

त्याच्याबरोबर ते चालवायला ऋता मॅडम नोकरीवर आल्या. राजारामपुरीतल्या, पुण्यात शिकून आणि नोकरी करून घरी परतलेल्या. मी त्यांच्यावर चिडायची तयारी करून बसलो होतो, पण त्यांनी सोयच ठेवली नाही. टाइम ऑफिसात खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, "मामा, मला इथलं काही माहीत नाही. तुम्ही सांगा, मी भरते."

माझं स्टोअर समोरच आहे. त्या आठवड्यात मला टाइम ऑफिसात बरीच कामं निघाली.

सॉफ्टवेअरला आधी प्रत्येकाचं काम सांगायचं. भट्टीवरचा कोण, साच्यावरचा कोण, माल घासणारा कोण. मग नियम. रात्रीच्या थर्डनंतर लगेच सकाळची फर्स्ट लावायची नाही, सुट्टी कुठल्या वारी, एका पाळीला कमीत कमी किती माणसं. इथपर्यंत सगळं सरळ गेलं. मग प्रत्येकाची अडचण भरायची होती, कधी जमत नाही आणि का. कारणं आधीच ठरलेली होती, त्यातलंच एक निवडायचं. आजारपण, शिक्षण, कौटुंबिक, धार्मिक, इतर.

"गुंडू खोत," कृष्णात म्हणाला. "जानेवारीत थर्ड लावायची न्हाय."

"कारण?"

"लाइट."

मॅडमनी वर पाहिलं.

"मोटरंची लाइट. त्यांच्याकडं रात्रीची असती. त्यो उसाला पाणी पाजणार का भट्टीवर येणार?"

मॅडमनी 'इतर' निवडलं.

"विश्वजित. ह्याला फर्स्ट नको. सकाळचं घरात लागतोय. बाळंतपण हाय."

"अरे वा. मग कौटुंबिक."

"म्हशीचं."

मॅडम 'कौटुंबिक' काढायला गेल्या. मग म्हणाल्या, "घरचीच आहे ना?"

"व्हय."

त्यांनी 'कौटुंबिक' तसंच ठेवलं. मला त्या बाईंविषयी आदर वाटायला लागला तो इथून.

"आन् हे दोघं," कृष्णात म्हणाला, "पेठंतली हायती. दोघांच्या तालमी येगळ्या. मॅचच्या दुसऱ्या दिवशी एका लाइनीवर नकोत."

मॅडम कोल्हापूरच्याच. तालमींच्या फुटबॉलवरून इथं डोकी फुटतात, त्यामुळे कुठली मॅच ते त्यांनी विचारलं नाही. 'धार्मिक' निवडून पुढं गेल्या.

सगळं भरून झाल्यावर त्यांनी एक बटण दाबलं आणि महिन्याच्या पाळ्या पडद्यावर उभ्या राहिल्या. एवढ्यासाठी कृष्णातला दिवसभर बसायला लागायचं. तो चष्मा पुसून बराच वेळ चुका शोधत राहिला. फारशा सापडल्या नाहीत. "बरं लावलंय," म्हणाला. चेहरा तोच.

मग मॅडमनी सहज विचारलं, "मामा, जुन्या बदल्यांचं काय? कुणाचं कुणाकडं काही राहिलंय का? इथं सुरुवातीची बाकी टाकता येते."

तो खिडकीतून गेटकडं बघत बसला. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण इतकी वर्षं मिटलेलं तोंड एका चांगल्या मुलीनं विचारलं म्हणून उघडत नाही.

"ते तोंडी असतंय, मॅडम."

"मग शून्य टाकते."

"टाका."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर सूचना लागली. एक एप्रिलपासून पाळ्या नवीन प्रणालीप्रमाणे लागतील, आपापसांतील सर्व जुन्या अदलाबदली एकतीस मार्चपूर्वी पूर्ण कराव्यात. मॅडमच्या मनात त्या आठवड्यातल्या दोन-तीन बदल्या होत्या. बोर्डासमोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या मनात सगळा जन्म होता. गुंडू खोतानं सूचना मोठ्यानं वाचली आणि अर्थही सांगून टाकला, "एक तारखेला सगळं पुसणार म्हणं." सगळं म्हणजे पैरा. पैरा पुसला जाऊ द्यायचा आणि आपल्या नावावर बुडवल्याचा डाग घ्यायचा, हे त्यांच्यातल्या एकालाही मानवणारं नव्हतं.

मार्चअखेरीस बँकांत गर्दी होते हे मला माहीत होतं. भट्टीवर झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

माणसं सुट्टीच्या दिवशी येऊ लागली. एक पाळी संपवून दुसऱ्याच्या नावानं तिथंच उभी राहू लागली. एका घमेल्याला दोघं लावलेली. एकजण नेहमीसारखा कामावर आला, तर त्याच्या जागी आधीच दोघं फेडत उभे होते आणि आधी कोण आला यावर त्यांची बाचाबाची चालली होती. तो बिचारा कँटीनमध्ये जाऊन बसला. अमरसिंह फेरी मारायला आले, ती जत्रा पाहून थबकले आणि ऋता मॅडमना म्हणाले, "सॉफ्टवेअर अजून सुरू व्हायचंय ना?"

"हो, एक तारखेला."

"मग आधीच घ्यायला पाहिजे होतं आपण."

या गर्दीत सगळ्यात वाईट अवस्था कृष्णातची. त्याच्या खुर्चीवर रोज नवा माणूस. "मामा, आज तुमच्या जागी मी. तुमी घरला जावा." घरी गेला तर तिथंही तेच. एकानं ट्रॅक्टर आणून रान नांगरलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तेच रान नांगरलं. तिसरा आला तेव्हा रान इतकं भुसभुशीत झालं होतं की ट्रॅक्टरच रुतला, आणि तो काढायला चौथा आला, त्याचाही पैरा त्यात फिटला. शेणखताच्या ट्रॉल्या आल्या. सरपण फोडून झालं, गोठा सारवून झाला. नको म्हणायची सोय नव्हती. फेडायला आलेल्याला परत पाठवणं म्हणजे तुझा हात मला चालत नाही असं तोंडावर सांगणं, आणि ते कृष्णातकडून होणार नव्हतं. सगळेजण जाताना हसून, हात जोडून जायचे. कर्तव्य केल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर असायचा.

एका दुपारी मला तो गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसलेला दिसला.

"घरी बसायचं सोडून इथं काय करतोस?" मी म्हणालो.

"घरात बसाय जागा न्हाय. तिघं फेडाय आल्यात."

मी हसलो. तो हसला नाही, पण तो तसाही हसत नाही, म्हणून मी बोलत राहिलो. म्हणालो, वसूल होतंय ते चांगलंच की. तेव्हा त्यानं मला ते सगळं सांगितलं. बाप, चौगले, स्वतःच्या लग्नातली पंगत, मोनाचं सासर. एका सुरात, साच्यातली वाळू मोजून द्यावी तसं.

"मी कुणाला मागितलं न्हवतं," तो म्हणाला. "ठेवलतं. मोनासाठी ठेवलतं. आता फिटलं सगळं."

"अरे, पण पत्रिका दिलीस की येतीलच ना सगळे."

"येतील. पावणं म्हणून येतील. पावणा जेवतोय, माधवराव. वाढतोय कोण?"

"केटरर सांग."

"सांगिटलाय. त्यो वाढंल. पर याह्यानं इचारलं, देसाई, तुमच्याकडची मंडळी कुठायत, तर काय केटररकडं बोट करू?"

मला त्याचा फार कळवळा आला, आणि कळवळा आला की मी चिडतो. मी तडक ऋता मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्यावर चिडलो. तुमच्या त्या एका शून्यापायी, असं सुरू करून जे काय बोललो त्यातलं निम्मं अन्यायाचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कृष्णातला बोलावलं.

"मामा, मला सांगायचं ना. मी अजूनही बाकी टाकू शकते. कुणाकडं किती ते सांगा."

"फेडलेलं परत लिवायचं? न्हाय, मॅडम. ते खोटं हुईल."

"मग सरळ मागा. सगळे येतील."

"ज्याच्यावर कायच न्हाय त्येला कुठल्या तोंडानं मागू?" तो म्हणाला आणि त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला चहा सांगायला निघून गेला.

एक एप्रिल आली. सॉफ्टवेअर सुरू झालं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं. पाळ्या मोबाइलवर यायच्या. कुणाला बदली हवी असली तर तो तिथंच मागायचा, दुसरा तिथंच घ्यायचा, कुणी कुणासाठी किती केलं ते समोर दिसायचं. भांडणं कमी झाली. विश्वजितला एकही फर्स्ट लागली नाही, म्हैस सुखरूप व्याली. कृष्णातला काम उरलं नाही. तो पेपर वाचायचा, शब्दकोड्यापर्यंत.

पत्रिका छापून आल्या. त्यानं प्रत्येकाला हातात दिली. प्रत्येकजण ती कपाळाला लावून म्हणाला, "येतो की मामा." संध्याकाळी तो माझ्या काउंटरवर येऊन उभा राहिला. "सगळी येतो म्हणालीत," म्हणाला. मला आनंद झाला. त्याला झाला नव्हता. त्यानं मला समजावून सांगितलं, की घरचा माणूस 'येतो' म्हणत नाही. घरचा माणूस विचारतो, आदल्या दिवशी कधी येऊ, भांडी आणायची का. तसं कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? त्यांच्या हिशेबी त्यांचं काही राहिलेलं नव्हतं, आणि न मागता दुसऱ्याच्या कार्यात पुढंपुढं करणं याला गावात वेगळं नाव आहे.

मग त्याला स्वतःची रजा टाकायची वेळ आली. तोही आता सॉफ्टवेअरमधला एक कर्मचारीच होता, त्यालाही बदली मागायला हवी होती. यासाठी तो पुन्हा माझ्या स्टोअरमध्ये आला, मॅडमसमोर नको म्हणून. बेअरिंगच्या रॅकमागं दोघं उभे राहिलो. तारीख टाकली. कारणात बोट 'कौटुंबिक'वर गेलं, तिथं थांबलं आणि 'इतर'वर आलं, कारण 'इतर' घेतलं की खाली लिहायला जागा मिळते. एका बोटानं त्यानं लिहिलं, 'मोनाचं लग्न. माझ्याकडं माणसं न्हाईत. या.'

मग कुणाला पाठवायचं ते विचारलं. त्यानं 'सर्व' निवडलं.

"अरे, तुझ्या जागी एक माणूस लागणार," मी म्हणालो. "सगळ्यांना कशाला पाठवतोस?"

"व्हय," तो म्हणाला, आणि बोट बटणावर धरून उभा राहिला. त्याच्या मानेवर घाम आला होता. भट्टीपुढं उभं राहून घाम येतो तो वेगळा.

"माधवराव, तुमी दाबा."

"मी नाही दाबणार."

त्यानं दाबलं. माझ्या खिशातला फोन वाजला, कारण 'सर्व'मध्ये मीही होतो. त्यानंतर त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. काहीतरी चोरल्यासारखा बाहेर गेला, आणि मी त्याला थांबवलं नाही.

सकाळी ऋता मॅडमचा पडदा लाल झाला होता. तिन्ही पाळ्यांतल्या माणसांनी लग्नाच्या आणि आदल्या दिवसाची रजा टाकली होती. ज्यांच्या फोनमध्ये नेट नव्हतं त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून टाकली होती. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी एकच निवडलं होतं, कौटुंबिक. आणि गुंडू खोत फर्स्टला आला तो थेट टाइम ऑफिसच्या खिडकीशी. "मामा, आदल्या दिवशी कवा येऊ? आन् रांधाय कायली हाय का तुमच्यात, का आमची आणू?"

कृष्णातनं पेपर घडी केला. "आण," म्हणाला.

मॅडम लॅपटॉप घेऊन अमरसिंहांकडं गेल्या. मी आवक-जावक दाखवायच्या निमित्तानं तिथंच होतो.

"हे मंजूर केलं तर भट्टीवर कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर."

ते त्या लाल पडद्याकडं पाहत राहिले. भट्टीच्या आतलं अस्तर झिजतं, ते अधूनमधून भट्टी विझवून बदलावं लागतं. "अस्तर कधी बदलायचंय?" ते म्हणाले.

"जूनच्या पहिल्या आठवड्यात."

"ते त्या दोन दिवसांत घ्या." आणि मॅडम दाराशी पोचल्यावर, "हे सॉफ्टवेअरला आधी का नाही सुचलं?"

अस्तराचं काम बाहेरचे ठेकेदार करतात. त्यांना सामान द्यायला स्टोअर उघडं लागतं. म्हणजे मी. लग्नासाठी मी नवा शर्ट शिवून घेतला होता आणि जिलेबीचीही आशा होती. मॅडम म्हणाल्या, त्या स्वतः बसतील. मी म्हणालो, तुम्हाला फायर क्ले आणि सिलिका यातला फरक कळतो का? नाही म्हणाल्या. मग बसलो मीच. कृष्णातच्या जागी गेटवरही कुणीतरी लागणार होतं, तर त्याची ती बदलीही मीच घेतली. एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या जागी मी पहिल्यांदाच बसलो.

लग्न मी फोनवर पाहिलं. गुंडू फोटो पाठवत होता. सगळेजण कंपनीचे निळे शर्ट घालून गेले होते. वराकडची एवढी माणसं, त्यांत मुलीकडचे कोण ते कळायला नको का, असं गुंडूचं म्हणणं. एका फोटोत विश्वजित आमटीची बादली घेऊन धावतोय. एका फोटोत ऋता मॅडम जिलेबी वाढतायत. एका फोटोत कृष्णात मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभा आहे आणि त्याच्या मागं नुसतं निळं. चेहरा नेहमीचाच, काही कळत नाही.

व्याही म्हणे त्याला म्हणाले, "देसाई, एवढी भावकी हाय व्हय तुमची?" तो म्हणाला, "हाय की."

आणि एक गोष्ट फोटोत नव्हती, ती गुंडूनं नंतर सांगितली. गल्लीच्या तोंडाशी काही म्हातारी माणसं नुसतीच उभी होती, ना आत येत, ना जात. गुंडूला ती कोण ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, पावणं लाजतायत. तो गेला आणि त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. ते चौगले होते. बसले. जेवले. त्यांतल्या एकानं पुढच्या पंगतीला उठून पाण्याचा जग हातात घेतला, असंही गुंडू म्हणतो, पण गुंडूचं सगळंच धरायचं नसतं.

सोमवारी कृष्णात कामावर आला, माझ्या काउंटरवर जिलेबीचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "तुमची एक पाळी ऱ्हायली माझ्यावर. बोला, स्टोअरला कवा बसू?"

"बघू," मी म्हणालो.

बाकीच्यांचं त्याच्यावर आता किती झालं ते सॉफ्टवेअरला माहीत नाही. ती रजा होती, बदली नव्हती. माझं तेवढं माहीत आहे. माझं नाव उघडलं की खाली एक ओळ येते, येणे एक पाळी, कृष्णात देसाई. माझा भाऊ पुण्यात असतो, दिवाळीला फोन करतो. आळीत माझं सगळ्यांशी चांगलं आहे, म्हणजे काहीच नाही. ती ओळ मी अधूनमधून उघडून बघतो. बरं वाटतं. यात लाजण्यासारखं काय आहे?

कृष्णात पंधरवड्यातून एकदा तरी येतो. "फेडू द्या की, माधवराव. एक रजा टाका, मी बसतो. डोक्यावर ऱ्हायलंय." मी म्हणतो, घाई काय आहे. परवा ऋता मॅडम म्हणाल्या की अख्ख्या कारखान्यात एवढी एकच जुनी बाकी दिसते, दोन महिने झाले, काढून टाकू का? मी म्हणालो, त्या ओळीला हात लावायचा नाही. लग्नापासून मी एकही रजा घेतलेली नाही.